संक्रांत ते पाडवा, करमदतीचे एक टेबल मांडा: अमेरिकेतील मराठी मंडळांना खुले पत्र

डिसेंबर २०२५

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
अमेरिकेतील सर्व मराठी मंडळे

विषय: कमी उत्पन्नाच्या मराठी कुटुंबांना आयकर विवरणपत्र भरण्यासाठी मोफत मदत आणि हक्काची टॅक्स क्रेडिट्स मिळवून देण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी मध्य न्यू जर्सीत राहतो आणि गेली काही वर्षे जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत दर शनिवारी एका सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून लोकांची आयकर विवरणपत्रे विनामूल्य भरून देतो. ज्या योजनेखाली हे काम चालते तिचे नाव व्हॉलंटियर इन्कम टॅक्स असिस्टन्स. बोलताना सगळे तिला व्हीटाच म्हणतात. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचे आयकर खाते, ही योजना १९६९ पासून चालवत आले आहे. २०२५ च्या हंगामात वर्षाला साधारण ६७,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना तिचा लाभ घेता येत होता. साठीच्या पुढच्यांसाठी टीसीई ही वेगळी योजना आहे, आणि एएआरपी या ज्येष्ठांच्या संघटनेच्या फाउंडेशनची टॅक्स-एड केंद्रे तर वय आणि सभासदत्व न विचारता मदत करतात. आमच्या टेबलावर स्पॅनिश बोलणारे येतात, चिनी येतात, गुजराती आणि पंजाबी येतात. मराठी माणूस क्वचित येतो, आणि येतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. हे पत्र त्या उशिराबद्दल आहे.

‘आपल्यात असे कोण आहे?’ हा प्रश्न मला आपल्यापैकी दोन-तीन मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारला आहे. मंडळाच्या स्मरणिकेतून, नाटकाच्या प्रयोगातून आणि अधिवेशनाच्या मांडवातून जो मराठी समाज दिसतो तो संगणकात, औषध कंपनीत किंवा बँकेत काम करणारा आणि स्वतःच्या घरात राहणारा आहे, त्यामुळे हा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण जिला दिवाळीच्या कार्यक्रमाचे कुटुंबाचे तिकीट परवडत नाही, ती बाई दिवाळीच्या कार्यक्रमात दिसणारच नाही. घटस्फोटानंतर भारतीय किराणा दुकानात गल्ल्यावर उभी राहणारी आई, उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात तासाच्या मजुरीवर राबणारा गृहस्थ, नोकरी गेल्यावर रात्री टॅक्सी चालवणारा अभियंता, मुलाकडे राहायला आलेले आणि ग्रीनकार्डावरचे आईवडील, विद्यापीठात अपुऱ्या वेतनावर संशोधन करणारा दोन मुलांचा बाप, आणि अर्थातच विद्यार्थी, हे सगळे आपल्याच गावात आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण परदेशात जरा जास्तच काटेकोरपणे पाळतो. त्या मुठीची किंमत मी डॉलरमध्ये मांडतो.

समजा एका घटस्फोटित बाईला सतरा वर्षांखालची दोन मुले आहेत, ती मुले तिच्याकडेच राहतात, आणि २०२५ मध्ये तिने नोकरी करून २२,००० डॉलर कमावले. कुटुंबप्रमुख म्हणून तिला मिळणारी प्रमाणित वजावट त्या वर्षी २३,६२५ डॉलर आहे. तिचे उत्पन्न त्याहून कमी असल्यामुळे कायद्याने तिला संघराज्याचे विवरणपत्र भरणे सहसा बंधनकारकच नाही, आणि नेमके हेच तिला कोणीतरी सांगितलेले असते: ‘तुला काही भरायची गरज नाही.’ सांगणाऱ्याचे चुकलेले नसते. परंतु तिने विवरणपत्र भरले, तर अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिटपोटी तिला ७,१५२ डॉलर मिळू शकतात, चाइल्ड टॅक्स क्रेडिटच्या परत मिळणाऱ्या भागापोटी आणखी २,९२५ डॉलर, आणि न्यू जर्सी राज्य संघराज्याच्या पहिल्या क्रेडिटच्या ४० टक्के रक्कम स्वतःच्या तिजोरीतून देत असल्यामुळे आणखी सुमारे २,८६१ डॉलर. ही बेरीज बारा हजार नऊशेच्या वर जाते, आणि पगारातून कापलेला कर परत मिळतो तो वेगळाच. वर्षभराच्या कमाईच्या निम्म्याहून अधिक रक्कम केवळ ‘गरज नाही’ या बरोबर उत्तरामुळे बुडते.

वजावट आणि क्रेडिट यांतला फरक आपल्याकडे फारसा कुणी समजावून सांगत नाही, म्हणून दोन वाक्ये त्यावर खर्च करतो. वजावटीमुळे करपात्र उत्पन्न कमी होते, म्हणजे ज्याला कर लागू होतो त्यालाच तिचा उपयोग. क्रेडिट मात्र थेट करातून वजा होते, आणि त्यातले काही प्रकार असे आहेत की कर शून्यावर आला तरी उरलेली रक्कम चेक होऊन घरी येते, किंवा आता बहुतेक वेळा थेट बँक खात्यात जमा होते. (कागदी चेक बंद करण्याची प्रक्रिया सरकारने सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सुरू केली आहे, तेव्हा ज्या आजींचे स्वतःच्या नावाचे खाते नाही त्यांनी ते आधी उघडावे.) अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट हा त्यातला सर्वांत मोठा प्रकार. २०२५ या करवर्षासाठी त्याची कमाल रक्कम मूल नसलेल्यास ६४९, एका मुलास ४,३२८, दोन मुलांस ७,१५२ आणि तीन वा अधिक मुलांस ८,०४६ डॉलर आहे. दोन मुलांच्या पतिपत्नींचे एकत्रित उत्पन्न ६४,४३० डॉलरपर्यंत असले तरी थोडेफार क्रेडिट मिळते. आयआरएसच्याच अंदाजानुसार पात्र असलेल्या दर पाच जणांपैकी एक जण ते मागतच नाही.

आपल्या लोकांच्या मनात यापुढे जो अडसर येतो तो माहितीचा नाही. ‘आम्हाला सरकारचे फुकटचे नको’ हे वाक्य मी मराठीत इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे उत्तर आता पाठ झाले आहे. हे क्रेडिट १९७५ मध्ये सुरू झाले ते मुख्यतः कमी पगारावर राबणाऱ्याच्या मजुरीतून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरपोटी जी रक्कम पहिल्या डॉलरपासून कापली जाते तिचा भार हलका करण्यासाठी, आणि आजही ज्याने वर्षभरात कामाचा मोबदला कमावलेला नाही त्याला ते मिळतच नाही. म्हणजे जी बाई किराणा दुकानात दिवसाचे नऊ तास उभी राहते तिला ते मिळते आणि जी घरी बसून केवळ व्याज खाते तिला मिळत नाही. हे फुकटचे कसे? हाच खुलासा मी केला तर तो एका अनोळखी स्वयंसेवकाचा असतो. मंडळाच्या अध्यक्षांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सर्वांसमोर एकदा केला, तर त्याचे वजन निराळे असेल.

भाषेबद्दल एक गोष्ट आपल्या कानावर घालायलाच हवी. काही वर्षांपूर्वी आयआरएसने विवरणपत्राला एक जोडपत्र दिले, शेड्यूल एलईपी. खात्याकडून येणारी पत्रे आपल्याला कोणत्या भाषेत हवीत हे त्यावर नोंदवता येते. त्या यादीत इंग्रजीखेरीज वीस भाषांची सोय आहे. गुजराती आहे, पंजाबी आहे, बंगाली आहे, उर्दू आहे. मराठी नाही, हिंदीही नाही. मला याचा विषाद वाटतो असे नाही, कारण ज्या समाजांनी मागणी लावून धरली त्यांच्या भाषा पुढे असतात, आणि आपण आपली अडचण कुठे सांगितलीच नसेल तर यादी करणाऱ्याला ती कळावी कशी? पण याचा व्यावहारिक अर्थ असा की आयआरएसकडून इंग्रजीत आलेले पत्र कोणीतरी मराठीतून समजावून सांगावे लागेल, आणि ते कोणीतरी म्हणजे सध्या बहुतेक घरांत दहावीत शिकणारे मूल असते. आपल्या आईचे उत्पन्न, तिचा घटस्फोट आणि तिची थकलेली देणी मुलाने दुभाषा होऊन वाचावीत, हे मला बरे वाटत नाही.

मराठी बोलणारा माणूस टेबलाच्या पलीकडे असण्याचा लाभ केवळ भाषांतराचा नाही. नावांचेच घ्या. सोशल सिक्युरिटी कार्डावरील आडनावाची पहिली चार अक्षरे आणि विवरणपत्रावरील आडनावाची पहिली चार अक्षरे जुळली नाहीत, तर संगणकावरून पाठवलेले विवरणपत्र परत येते. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदललेले, पासपोर्टवर माहेरचे, बँकेत सासरचे. कुठे वडिलांचे नाव मधले नाव म्हणून, तर कुठे तेच आडनावाच्या रकान्यात जाऊन बसलेले. इंग्रजी बोलणारा स्वयंसेवक याने चक्रावून जातो. मराठी माणूस एका दृष्टिक्षेपात गुंता ओळखतो आणि मूळ कार्ड मागून घेतो. तसेच ‘अवलंबित’ या शब्दाचे. पुण्यात किंवा साताऱ्यात राहणाऱ्या आईवडिलांना दरमहा पैसे पाठवणारा मुलगा त्यांना आपल्यावर अवलंबून असलेले समजतो आणि नैतिकदृष्ट्या ते खरेच असते, पण अमेरिकेच्या कायद्याच्या दृष्टीने ते अमेरिकेचे रहिवासी नसल्यामुळे त्यांना विवरणपत्रात दाखवता येत नाही. उलट जे आईवडील ग्रीनकार्डावर इथेच मुलाकडे राहतात, ज्यांचे स्वतःचे करपात्र उत्पन्न २०२५ मध्ये ५,२०० डॉलरपेक्षा कमी आहे आणि ज्यांचा निम्म्याहून अधिक खर्च मुलगा करतो, त्यांच्यापोटी त्याला माणशी ५०० डॉलरचे क्रेडिट मिळू शकते, आणि ते तो मागत नाही.

विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मंडळांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. एफ-१ व्हिसावर आलेला विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे करापुरता अनिवासी मानला जातो. त्याने १०४०-एनआर हे अनिवासींचे विवरणपत्र आणि सोबत ८८४३ हा फॉर्म भरायचा असतो. पण मित्राने सांगितलेल्या सॉफ्टवेअरवर तो दहा मिनिटांत निवासींचा नेहमीचा १०४० भरून टाकतो, त्यात शिक्षणासाठीचे क्रेडिट आपोआप येते, हजार डॉलर हाती पडतात, आणि पुढे कधीतरी ते व्याजासह परत मागणारे पत्र येते. गंमत अशी की त्याच्या हक्काची एक सवलत त्याला ठाऊकच नसते: भारत आणि अमेरिका यांच्यातील करकराराच्या कलम २१ नुसार भारतीय विद्यार्थ्याला अनिवासी असूनही प्रमाणित वजावट घेता येते, जी बहुतेक इतर देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. १०४०-एनआर सर्वच व्हीटा केंद्रांवर भरून मिळत नाही. त्यासाठी परदेशी विद्यार्थ्यांच्या विवरणपत्रांची वेगळी परीक्षा दिलेले स्वयंसेवक लागतात, आणि ते बहुधा विद्यापीठांजवळच्या केंद्रांवर असतात. नव्या विद्यार्थ्यांना गणपतीत महाप्रसादाला बोलावताना एवढी एक ओळ त्यांच्या कानावर घालणे मंडळांना जड नाही.

व्हिसावर असलेल्या कुटुंबांविषयी मी सावधपणे लिहितो. अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिटसाठी पती, पत्नी आणि मूल या सर्वांचे नोकरीस वैध असलेले सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतात. त्यामुळे एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या जोडीदाराकडे केवळ आयटिन (सोशल सिक्युरिटी क्रमांक न मिळणाऱ्यांना आयआरएस देते तो करक्रमांक) असेल, तर अमेरिकेत जन्मलेली मुले असूनही संयुक्त विवरणपत्रावर ते क्रेडिट मिळत नाही. २०२५ पासून चाइल्ड टॅक्स क्रेडिट मुलामागे २,२०० डॉलर झाले आहे आणि त्यासाठी मुलाबरोबर आईवडिलांपैकी निदान एकाचा असा क्रमांक असावा लागतो. शिवाय काही वर्गांत न बसणाऱ्या परदेशी नागरिकांना २०२६ या करवर्षापासून क्रेडिटचा परत मिळणारा भाग देऊ नये असे नियम आणण्याचा मनोदय अर्थखात्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला आहे. अशा काळात व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सल्ल्याऐवजी त्या वर्षीची परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस समोर असणे किती गरजेचे आहे, हे वेगळे सांगायला नको. बेपर्वाईने चुकीचे क्रेडिट घेतले तर दोन वर्षे आणि फसवणूक करून घेतले तर दहा वर्षे ते पुन्हा मागता येत नाही.

आता एक तक्रार, जी मला टाळता आली असती तर बरे झाले असते. भारतीय दुकानांच्या काउंटरवर, आणि काही वेळा आपल्याच मंडळांच्या पत्रिकांत, ‘सर्वाधिक परतावा, लगेच हातात’ अशा जाहिराती दिसतात. मागच्या हंगामात एक गृहस्थ माझ्याकडे आले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आम्हाला गोपनीयतेचा नियम आहे). त्यांचे विवरणपत्र कुणीतरी परताव्याच्या टक्केवारीवर भरून दिले होते, त्यात न केलेल्या धंद्याचा तोटा दाखवला होता, आणि भरणाऱ्याची सही नव्हती. पैसे घेऊन विवरणपत्र भरणाऱ्या प्रत्येकाकडे आयआरएसने दिलेला पीटिन क्रमांक असावा लागतो आणि त्याने विवरणपत्रावर सही करून तो लिहावा लागतो. जो सही करत नाही त्याला आयआरएस ‘घोस्ट’ म्हणते, आणि पत्र आले की भूत नाहीसे होते, करदाता मागे उरतो. ‘लगेच हातात’ याचाही अर्थ बहुधा कर्ज असा असतो, कारण अर्न्ड इन्कम किंवा चाइल्ड क्रेडिटचा परतावा असलेल्या विवरणपत्रांचे पैसे फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी सोडायचेच नाहीत असा कायदा आहे. आपण जाहिरात घेताना जागेचे दर विचारता, तसा पीटिनही विचारावा, एवढीच विनंती. ज्यांना असे पत्र आधीच आले आहे त्यांच्यासाठी लो इन्कम टॅक्सपेयर क्लिनिक्स आहेत. तेथील वकील कमी उत्पन्नाच्या माणसाची बाजू आयआरएससमोर मोफत किंवा नाममात्र शुल्कात मांडतात. ही क्लिनिक्स माझ्या अनुभवात सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी माहीत असलेली सोय आहे.

व्हीटाच्या मर्यादाही आपल्याला ठाऊक असाव्यात, नाहीतर उद्या मंडळाला बोल लागेल. ठाण्यातला फ्लॅट भाड्याने दिला असेल किंवा भारतातील म्युच्युअल फंड असतील, तर ते आमच्या कक्षेबाहेर आहे आणि त्यासाठी जाणकार सीएकडे किंवा सीपीएकडेच जावे लागेल. भारतातील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार हा परदेशी खात्यांचा वेगळा अहवाल द्यावा लागतो. ग्रीनकार्डावर आलेल्या कित्येक निवृत्त आईवडिलांना, ज्यांची मुदतठेव गावच्या बँकेत आहे, हे कुणी सांगितलेलेच नसते. ज्यांना स्वतः संगणकावर भरायचे आहे त्यांच्यासाठी आयआरएसची फ्री फाइल ही मोफत सॉफ्टवेअरची सोय आहे. पण खात्याची स्वतःची डायरेक्ट फाइल ही सोय, जी २०२४ मध्ये १२ राज्यांत सुरू होऊन २०२५ मध्ये २५ राज्यांपर्यंत पोहोचली होती, ती २०२६ च्या हंगामात असणार नाही. म्हणजे माणसांची गरज वाढणार आहे.

तेव्हा माझे मागणे असे आहे. मंडळांनी स्वतःचे करकेंद्र काढू नये. त्यासाठी लागणारे परवाने आणि जबाबदारी हे वर्षभराचे काम आहे. जवळपास युनायटेड वे ही सेवाभावी संस्था, एखादे वाचनालय किंवा महाविद्यालय आधीच व्हीटा केंद्र चालवत असते. त्यांना विचारून फेब्रुवारी आणि मार्चमधील दोन-तीन रविवार आपल्या मराठी शाळेच्या इमारतीत त्यांचे टेबल मांडावे. मुले आत बाराखडी गिरवत असतात तेव्हा आईवडील दोन तास गाडीत किंवा व्हरांड्यात बसून असतातच. केंद्र कुठे आहे हे ८००-९०६-९८८७ या क्रमांकावर कळते, टॅक्स-एडचे ८८८-२२७-७६६९ वर. आणि मंडळांतील लोकांनी स्वयंसेवक व्हावे. हिशेबनीस असण्याची गरज नाही. आयआरएसचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण घेऊन आचारसंहितेची आणि मूलभूत परीक्षा ८० टक्क्यांनी उत्तीर्ण व्हावे लागते, आणि आपण भरलेले प्रत्येक विवरणपत्र दुसरा प्रमाणित माणूस तपासल्याशिवाय पाठवले जात नाही. जानेवारीत बसले तर हे जमते. पैसे किंवा भेट घेता येत नाही. मागे एका मावशींनी आणलेला बेसनलाडवांचा डबा मला परत करावा लागला, आणि त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

एक कालमर्यादा लक्षात असू द्यावी. २०२२ या वर्षाचे विवरणपत्र ज्यांनी भरलेले नाही त्यांना ते भरून परतावा मागण्याची मुदत १५ एप्रिल २०२६ रोजी संपते, आणि त्यानंतर ती रक्कम सरकारजमा होते. अशी कुटुंबे आपल्या परिचयात असतील, तर त्यांना पाडव्याची वाट न पाहता जानेवारीतच केंद्रावर पाठवावे, येताना छायाचित्र असलेले ओळखपत्र, घरातल्या सर्वांची मूळ सोशल सिक्युरिटी कार्डे, पगाराचे डब्ल्यू-२ आणि इतर उत्पन्नाचे १०९९ फॉर्म, आणि बँक खात्याचा क्रमांक आणायला सांगावे, आणि संयुक्त विवरणपत्र असेल तर पती-पत्नी दोघांनी यावे.

मध्य न्यू जर्सीतील कोणत्याही मंडळाने बोलावले तर मी जानेवारीच्या कोणत्याही रविवारी येऊन स्वयंसेवकांना माहिती देईन. शाळेतली एक खोली, दोन प्लग आणि एक प्रिंटर लागेल. खोलीचे दार मात्र आतून बंद होणारे असावे, कारण येणाऱ्याला आपला पगार मोठ्याने सांगावा लागतो.

आपला नम्र,
मध्य न्यू जर्सीतील एक व्हीटा स्वयंसेवक